‘गुन्हा कबूल आहे’ : कबुलीवरील दोषसिद्धी आणि अपिलाचा मर्यादित अधिकार – वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :

आरोपीने न्यायालयात उभे राहून ‘गुन्हा कबूल आहे’ असे म्हटले की खटला तेथेच संपतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ च्या कलम ३७५ ने या समजुतीला कायद्याचे रूप दिले होते. आरोपीने गुन्हा कबूल केला असेल आणि त्या कबुलीवरून त्याला दोषी ठरविले असेल, तर दोषसिद्धीविरुद्ध अपील नाही. दोषी ठरविणारे न्यायालय सत्र न्यायालय किंवा दंडाधिकारी असेल, तर फक्त शिक्षेचे प्रमाण आणि शिक्षेची वैधता या दोन मुद्द्यांपुरते अपील करता येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४१६ मध्ये हीच तरतूद जवळजवळ जशीच्या तशी आली आहे. त्यापूर्वी १८९८ च्या संहितेत कलम ४१२ हे काम करीत होते. म्हणजे सव्वाशे वर्षांच्या काळात तीन संहिता झाल्या, परंतु या बंद दरवाजाची चौकट बदलली नाही.

या तरतुदीमागील तर्क सोपा आहे. ज्याने स्वतःच दोष मान्य केला त्याला दोषसिद्धीबद्दल तक्रार करण्याचे कारण उरत नाही. परंतु हा तर्क एका गृहीतकावर उभा आहे. ‘कबुली’ म्हणून जी नोंद कागदावर आहे ती खरोखर कबुलीच होती, हे ते गृहीतक होय. आरोपीला दोषारोप समजला नसेल, त्याने मान्य केलेली गोष्ट गुन्ह्याच्या व्याख्येत बसत नसेल किंवा कोणीतरी दाखविलेल्या आशेने तो ‘होय’ म्हणाला असेल, तर कलम ४१६ चा अडसर लागू व्हावा काय? प्रस्तुत लेखाचा विवेच्य प्रश्न एवढाच आहे. वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात तो तपासण्याला दोन कारणे आहेत. ज्या पुरुषाने भारतीय न्यायालयांत गुन्ह्याच्या कबुलीला असाधारण नैतिक उंची दिली, तो १९३६ पासून याच जिल्ह्यातील सेवाग्रामला राहिला. आणि त्याच्या नावाचा मान म्हणून येथे अनेक दशकांपासून दारूबंदी आहे. त्या दारूबंदीच्या अंमलबजावणीतून कबुलीची प्रकरणे सतत न्यायालयांपुढे येत असतात. या दोन कबुल्यांमधील अंतर हाच खरा अभ्यासविषय आहे.

आदर्श कबुली : अहमदाबाद, १९२२

१८ मार्च १९२२ रोजी अहमदाबादच्या शाहीबागेतील सर्किट हाऊसमध्ये सत्र न्यायाधीश ब्रूमफील्ड यांच्यापुढे महात्मा गांधी आणि शंकरलाल बँकर यांच्यावरील राजद्रोहाचा खटला चालला. ‘यंग इंडिया’तील तीन लेखांवरून भारतीय दंड संहितेच्या कलम १२४-अ खाली दोषारोप होता. दोघांनीही गुन्हा कबूल केला. येथपर्यंतची हकीकत शालेय पुस्तकांतही आढळते. कायद्याच्या अभ्यासकाने लक्षात घेण्यासारखी गोष्ट त्यानंतरची आहे. कबुली आल्यावरही ॲडव्होकेट जनरल सर थॉमस स्ट्रँगमन यांनी खटला पूर्ण चालवावा, असा आग्रह धरला. न्यायाधीशांनी तो मानला नाही. कबुलीवरून दोषी ठरविण्याचा विवेकाधिकार आपला आहे, अशी भूमिका त्यांनी घेतली आणि शिक्षेच्या प्रश्नाकडे ते वळले. सहा वर्षांची साधी कैद झाली. अपील झाले नाही, होण्याचा प्रश्नही नव्हता.

ही कबुली कोणत्याही कसोटीवर निर्दोष ठरते. आरोपी स्वतः बॅरिस्टर होता. दोषारोपाचा प्रत्येक घटक त्याला ठाऊक होता. लेख आपणच लिहिले, त्यांतून सरकारविषयी अप्रीती निर्माण करण्याचाच हेतू होता, हे त्याने लेखी निवेदनात विस्ताराने मांडले. शिक्षेची जास्तीत जास्त मर्यादा त्याला माहीत होती आणि तीच त्याने मागितली. त्याआधी १८ एप्रिल १९१७ रोजी मोतीहारीच्या न्यायालयात चंपारण प्रकरणी त्याने अशीच कबुली दिली, तेव्हा दंडाधिकाऱ्याला काय करावे हेच सुचले नाही. निकाल लांबला आणि पुढे खटला मागे घेतला गेला. १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनार येथे विनोबा भाव्यांनी वैयक्तिक सत्याग्रहाचा आरंभ केला. चार दिवसांनी अटक आणि नंतर तीन महिन्यांची शिक्षा झाली. सत्याग्रहीने बचाव करावयाचा नाही, हा त्या परंपरेचा दंडक होता. वर्धा जिल्ह्याच्या सार्वजनिक स्मृतीत ‘गुन्हा कबूल’ या शब्दांना जी प्रतिष्ठा आहे ती येथून येते.

अडचण अशी की कलम ३७५ व ४१६ यांच्या रचनाकारांनी डोळ्यांसमोर ठेवलेला आरोपी नकळत असाच दिसतो : सुशिक्षित, सावध, परिणामांची पूर्ण जाणीव असलेला आणि आपल्या शब्दावर ठाम. प्रत्यक्षात न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभा राहणारा आरोपी असा नसतो. त्याला आजची मजुरी बुडणे हीच मोठी शिक्षा वाटते. तारखा टाळायच्या असतात, वकील परवडत नाही, आणि ‘कबूल कर, दंड भर, सुटून जा’ असा सल्ला न्यायालयाच्या व्हरांड्यात कोणीही देतो. तो सल्ला देणारा बहुधा त्याचे वाईट चिंतणारा नसतो, ही त्यातली आणखी एक गुंतागुंत.

दारूबंदीची प्रकरणे : कृत्य आणि गुन्हा

महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमाखालील (पूर्वीचा मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९) प्रकरणे या चर्चेसाठी विशेष उपयोगी आहेत. कारण त्यांत आरोपी जे मान्य करतो आणि कायदा ज्याला गुन्हा म्हणतो, यांत फरक पडू शकतो. हा फरक सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वी दाखवून दिला आहे.

बेहराम खुर्शेद पेसिकाका यांचे प्रकरण १९५१ मधील मुंबईतील. जीपच्या अपघातानंतर त्यांच्या तोंडाला मद्याचा वास आला. आपण औषधी टॉनिक घेतले होते, असा त्यांचा बचाव होता. दारूबंदीच्या दोषारोपातून इलाखा दंडाधिकाऱ्याने त्यांना सोडले, उच्च न्यायालयाने दोषी ठरविले. दरम्यान १९५१ मध्येच एफ. एन. बलसारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने औषधी व प्रसाधनाच्या द्रव्यांपुरती दारूबंदीची काही कलमे अवैध ठरविली होती. त्याचा परिणाम काय, हा प्रश्न १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला. घटनापीठाच्या बहुमताने उत्तर दिले की आरोपीने घेतलेले मद्य निषिद्ध प्रकारचेच होते, हे सिद्ध करण्याचा भार अभियोग पक्षावर आहे. दोषसिद्धी रद्द झाली. पुढे बचूभाई हसनअली करयानी (१९७१) या महाराष्ट्रातीलच अपघाताच्या प्रकरणात, रक्ताची तपासणी झालेली नसताना केवळ वास, अडखळती चाल अशा बाह्य लक्षणांवरून दारू प्याल्याचा निष्कर्ष काढता येणार नाही, असे त्याच न्यायालयाने म्हटले.

हे दोन्ही निर्णय पूर्ण चाललेल्या खटल्यांतले आहेत. आता त्याच कायद्याखालील एका शेतमजुराची कल्पना करावी. दंडाधिकाऱ्याने विचारले असता तो म्हणतो, ‘प्यालो होतो साहेब, पन भांडन नाई केलं.’ या वाक्यात एका कृत्याची मान्यता आहे, एका दुसऱ्या गोष्टीचा नकार आहे आणि कदाचित क्षमेची विनंतीही आहे. गुन्ह्याची मान्यता आहे काय? त्याने काय घेतले होते, कोठे घेतले, त्याच्याजवळ परवाना होता की नाही, रक्ताच्या तपासणीत काय आले, हे यांपैकी काहीच त्या वाक्यात नाही. नोंदीत मात्र त्याचे रूपांतर ‘गुन्हा कबूल आहे’ या तीन शब्दांत होते. ज्या मुद्द्यावर मुंबईचा पेसिकाका सुटला, तो मुद्दा आपल्यापाशीही आहे, हे त्या मजुराला कळण्याआधीच त्याचा खटला संपलेला असतो. शिवाय असा आरोपी निर्दोष असतोच असेही नाही. त्याच्यावरील दोषारोप तपासला गेला नाही, एवढेच म्हणता येते. परंतु अपिलाचा अधिकार नाकारण्यासाठी ‘तपासला गेला नाही’ हे कारण पुरेसे असू शकत नाही.

परिणामांचा विचार केला तर दंडाची रक्कम ही सर्वांत लहान बाब ठरते. दुसऱ्या गुन्ह्याच्या वेळी पहिली दोषसिद्धी शिक्षा वाढविते. तडीपारीच्या कारवाईत जुन्या दोषसिद्धीचा आधार घेतला जाऊ शकतो. नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत ती पुढे येते. पारधी व इतर विमुक्त जमातींच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. १८७१ मध्ये आलेला गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण ‘आधीचे गुन्हे’ या रकान्याचे वजन त्यांच्यासाठी आजही वेगळे असते. तो रकाना कबुल्यांनी भरत असेल, तर एका सकाळी सोय म्हणून उच्चारलेला शब्द पुढची अनेक वर्षे पाठपुरावा करीत राहतो.

आरोपीचे स्वतःचे शब्द

संहितेने या धोक्याकडे अगदीच दुर्लक्ष केलेले नाही. समन्स खटल्यांसाठी जुन्या संहितेचे कलम २५२ आणि नव्या संहितेचे कलम २७५ यांत स्पष्ट आदेश आहे की कबुली शक्य तितक्या आरोपीच्या स्वतःच्या शब्दांत नोंदवावी. (नव्या संहितेतील कलम २५२ हे सत्र खटल्यातील कबुलीचे आहे, क्रमांकांचा हा योगायोग वकिलांनाही काही काळ चकवीत राहील.) १८९८ च्या संहितेत याच आदेशासाठी कलम २४३ होते. महंत कौशल्या दास विरुद्ध मद्रास राज्य या १९६६ मध्ये प्रकाशित झालेल्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने या आदेशाला औपचारिकता मानण्यास नकार दिला. आरोपीचे शब्द नोंदले नसतील तर वरिष्ठ न्यायालयाला त्याने नेमके काय मान्य केले ते तपासता येत नाही, आणि म्हणूनच हे पालन बंधनकारक आहे, असा त्या निर्णयाचा गाभा आहे. दोषसिद्धी रद्द करण्यात आली.

या निर्णयातून निघणारा एक अर्थ पुरेसा लक्षात घेतला जात नाही. शब्द नोंदवायचे ते वरिष्ठ न्यायालयाने तपासावेत म्हणून. म्हणजे कबुलीची तपासणी वरिष्ठ न्यायालयात होऊ शकते, हे कायद्याने स्वतःच गृहीत धरले आहे. तसे असेल तर कलम ४१६ मधील ‘गुन्हा कबूल केला असेल’ हे शब्द अपिलाच्या उंबरठ्यावर तपासावयाचा एक प्रश्न ठरतात. कबुली होती काय, याचे उत्तर ‘होय’ आले तरच अडसर उभा राहतो. अनेकदा उलट घडते. नोंदीच्या शीर्षकात ‘कबुली’ हा शब्द दिसला की अपील दाखल करून घेण्याच्या पायरीवरच प्रश्न मिटविला जातो. हा कायद्याचा अर्थ लावणे नव्हे, शीर्षकाचा अर्थ लावणे आहे.

भाषेचा प्रश्न येथे गंभीर आहे. १९९८ पासून महाराष्ट्रातील कनिष्ठ फौजदारी न्यायालयांची भाषा मराठी आहे, ही समाधानाची गोष्ट. पण छापील नमुन्यातील मराठी ही आर्वी किंवा कारंजा तालुक्यातील आरोपीची मराठी नसते. ‘तुमच्याविरुद्ध नमूद दोषारोप वाचून व समजावून सांगण्यात आला, तो तुम्हांस मान्य आहे काय?’ या धाटणीच्या प्रश्नाला ‘हो’ हे उत्तर कधी कधी केवळ ‘ऐकले’ या अर्थाने येते. ज्याची मातृभाषा गोंडी किंवा पारधी बोली आहे, त्याच्या बाबतीत तर ‘समजावून सांगण्यात आला’ हे छापील शब्दच संशयास्पद ठरावेत. ‘शक्य तितक्या त्याच्याच शब्दांत’ हा आदेश पाळला गेला तर ही दरी निदान कागदावर दिसते. छापील ‘होय’ ती झाकून टाकतो.

कबुलीजबाब आणि कबुली : एक विसंगती

पोलिसांपुढील कबुलीजबाब पुराव्यात चालत नाही. भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम २५ मधील हे तत्त्व भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम २३ मध्ये कायम आहे. दंडाधिकाऱ्यापुढे कबुलीजबाब द्यावयाचा असेल तर जुने कलम १६४ व नवे कलम १८३ यांनुसार दंडाधिकाऱ्याने आधी सांगावयाचे असते की तू हा जबाब देण्यास बांधील नाहीस, आणि दिलास तर तो तुझ्याविरुद्ध वापरला जाऊ शकतो. जबाब स्वेच्छेने दिला जात आहे अशी त्याची खात्री पटली पाहिजे. विचार करण्यास अवधी देण्याची पद्धत आहे. एवढे सोपस्कार करून मिळालेला जबाब हा शेवटी पुराव्याचा एक भाग असतो. त्यावर उलटतपासणी, प्रतिवाद, अपील, सर्व काही शक्य असते.

याउलट दोषारोपाला दिलेली कबुली स्वतःच दोषसिद्धीचा आधार बनते. ती कबुलीजबाबापेक्षा कितीतरी अधिक परिणामकारक आहे. तरीही ती घेण्यापूर्वी इशारा देण्याचा, अवधी देण्याचा किंवा स्वेच्छेची खात्री नोंदविण्याचा कोणताही स्पष्ट आदेश जुन्या कलम २२९, २४१, २५२ मध्ये नव्हता आणि नव्या कलम २५२, २६४, २७५ मध्येही नाही. तेथे आहे तो फक्त न्यायालयाचा विवेकाधिकार : ‘दोषी ठरविता येईल’. ज्या पोलीस ठाण्यात रात्री दिलेला जबाब कायद्याला अविश्वसनीय वाटतो, त्याच ठाण्याच्या शिपायाने सकाळी आणून उभ्या केलेल्या आरोपीचा एक ‘होय’ मात्र पूर्ण विश्वासार्ह ठरतो. नव्या संहितेने अनेक ठिकाणी दृक्‌श्राव्य मुद्रण, कालमर्यादा इत्यादी सुधारणा केल्या. ही विसंगती मात्र तिच्या नजरेतून सुटली.

सौद्याची कबुली : लोया ते थिप्पेस्वामी

कबुलीच्या वैधतेवरील भारतीय विचार खऱ्या अर्थाने पुढे सरकला तो सौद्याच्या प्रकरणांतून, आणि त्यांतील एक महत्त्वाचे प्रकरण महाराष्ट्राचे आहे. मुरलीधर मेघराज लोया विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९७६) हे खुरासणी तेलात भुईमुगाच्या तेलाची भेसळ केल्याचे प्रकरण. आरोपींनी कबुली दिली आणि दंडाधिकाऱ्याने सौम्य शिक्षा दिली. उच्च न्यायालयाने ती वाढवून कारावासाची केली. सर्वोच्च न्यायालयात न्या. कृष्ण अय्यर यांनी, आरोपी आणि अभियोग पक्ष यांच्यातील अशा पडद्यामागच्या व्यवहारात खरा बळी जातो तो समाज, अशा आशयाची कठोर टीका केली. आरोपींना दिलासा मिळाला नाही. तत्पूर्वी मदनलाल रामचंद्र डागा (१९६८) या महाराष्ट्रातील दुसऱ्या प्रकरणातही शिक्षेबाबत सौदा करणे न्यायालयाला शोभत नाही, असे न्या. हिदायतुल्ला यांनी बजावले होते.

लोया निर्णयाची भाषा गाजली, आणि ती गाजण्यासारखी आहे. तथापि तिच्या प्रभावाखाली एक प्रश्न अनुत्तरित राहिला. सौदा अनैतिक होता असे एकदा ठरले, तर त्या सौद्यातून निघालेली कबुली शुद्ध कशी राहते? सौम्य शिक्षेच्या अपेक्षेने दिलेला शब्द ग्राह्य धरावयाचा आणि अपेक्षा तेवढी अमान्य करावयाची, हा न्याय एकतर्फी आहे. भेसळ करणाऱ्या व्यापाऱ्याबद्दल कोणाला सहानुभूती वाटणार नाही, हे खरे; परंतु तत्त्व एकदा घडले की ते गरीब आरोपीलाही लागू होते. लोया निर्णयाचे गौरवाने उद्धरण करणाऱ्या मराठी पाठ्यपुस्तकांनी ही बाजू क्वचितच मांडली आहे.

हे उत्तर चार वर्षांनी मिळाले. कासमभाई अब्दुलरहमानभाई शेख विरुद्ध गुजरात राज्य (१९८०) हेही भेसळीचेच प्रकरण. तेथेही सौद्याने कबुली, सौम्य शिक्षा आणि उच्च न्यायालयाकडून वाढ असाच क्रम होता. न्या. भगवती यांनी मात्र मुळाला हात घातला. सौम्य शिक्षेच्या आमिषाने मिळविलेली कबुली ही संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील न्याय्य व वाजवी प्रक्रियेशी विसंगत आहे. लांबलेल्या खटल्याच्या त्रासापेक्षा लहान शिक्षा बरी, म्हणून निर्दोष माणूसही गुन्हा कबूल करू शकतो, हे त्यांनी ओळखले. दोषसिद्धीच रद्द होऊन प्रकरण पुन्हा खटल्यासाठी गेले. थिप्पेस्वामी विरुद्ध कर्नाटक राज्य (१९८३) मध्ये हे तत्त्व अधिक नेमके झाले. अपील किंवा पुनरीक्षण न्यायालयाला शिक्षा अपुरी वाटली तर त्याने कबुलीवरील दोषसिद्धीही बाजूला सारावी, आरोपीला बचावाची संधी द्यावी, आणि तो खटल्यात दोषी ठरला तरच योग्य शिक्षा द्यावी. शब्द आणि अपेक्षा यांची फारकत करता येणार नाही, असाच याचा अर्थ.

येथे एक चमत्कारिक परिस्थिती लक्षात येते. कासमभाई आणि थिप्पेस्वामी यांना आपल्या कबुलीला आव्हान देता आले, कारण वरच्या न्यायालयाने त्यांची शिक्षा वाढविली होती. शिक्षा न वाढलेला, दंड भरून घरी गेलेला आरोपी तशाच आमिषाने कबुली देऊन बसला असला तरी त्याच्यापुढे कलम ४१६ उभेच राहते.

२००५ च्या दुरुस्तीने, ५ जुलै २००६ पासून, सौद्याच्या कबुलीला (मर्यादित गुन्ह्यांपुरती) कायदेशीर मान्यता दिली. त्यात न्यायालयाने आरोपीशी बंद दालनात, दुसऱ्या पक्षाच्या अनुपस्थितीत बोलून अर्ज स्वेच्छेचा आहे याची खात्री करून घ्यावी, असे बंधन आहे. तरतूद चांगली आहे. पण तिच्यामुळे एक विपरीत चित्र निर्माण झाले. जो आरोपी वकिलाच्या मदतीने, लेखी अर्ज आणि शपथपत्र देऊन सौदा करतो, त्याच्या स्वेच्छेची चौकशी होते. जो एकटा, वकिलाशिवाय, काहीही न मागता ‘कबूल’ म्हणतो, त्याच्या स्वेच्छेची चौकशी करण्यास कोणी बांधील नाही.

कसाबची कबुली

महाराष्ट्रातील सर्वांत गाजलेली कबुली २० जुलै २००९ ची. मुंबईवरील हल्ल्याच्या खटल्यात, आर्थर रोड तुरुंगातील विशेष न्यायालयात, शंभराहून अधिक साक्षीदार तपासून झाल्यावर अजमल कसाब उभा राहिला आणि त्याने गुन्हा कबूल करण्याची इच्छा व्यक्त केली. मे महिन्यात दोषारोप ठेवले तेव्हा त्याने ते नाकारले होते. न्या. एम. एल. टहलियानी यांनी त्याचे निवेदन नोंदवून घेतले. मात्र ते सर्व दोषारोपांची पूर्ण कबुली ठरत नाही, असे ठरवून त्यांनी ते केवळ अभिलेखावर ठेवले आणि अभियोग पक्षाला पुरावा पुढे चालविण्यास सांगितले. त्या दिवशी देशभर उमटलेली अधीर प्रतिक्रिया अनेकांना आठवत असेल : एवढे कबूल केल्यावर खटला कशाला?

उत्तर पुढच्या तीन वर्षांनी दिले. ३ मे २०१० ला दोषसिद्धी, २१ फेब्रुवारी २०११ ला उच्च न्यायालयाची पुष्टी, २९ ऑगस्ट २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय. सर्वोच्च न्यायालयापुढे त्याच्या वतीने वकिलाच्या मदतीचा अभाव आणि दंडाधिकाऱ्यापुढील कबुलीजबाबाची ग्राह्यता यांवर सविस्तर आक्षेप घेतले गेले. न्या. आफताब आलम आणि न्या. सी. के. प्रसाद यांना ते बारकाईने तपासता आले आणि फेटाळता आले, कारण अभिलेखावर कबुलीखेरीज प्रचंड पुरावा होता. त्याच निर्णयात, प्रथम हजर केलेल्या आरोपीला वकिलाच्या अधिकाराची जाणीव करून देणे हे प्रत्येक दंडाधिकाऱ्याचे कर्तव्य असल्याचे न्यायालयाने बजावले. २० जुलैलाच खटला आटोपला असता, तर अपिलात तपासण्यासारखे काय उरले असते? फाशीच्या प्रकरणांत कबुलीवर विसंबू नये ही जुनी न्यायालयीन प्रथा आरोपीच्या दयेपोटी आहे, असे मानले जाते. वस्तुतः ती निर्णयाच्या बळकटीसाठीही आहे.

ज्याच्याबद्दल देशात कणभर सहानुभूती नव्हती, त्याच्या कबुलीबाबत एवढी सावधगिरी बाळगली गेली. दारूच्या एका बाटलीवरून पकडलेल्या माणसाच्या कबुलीबाबत तिचा शतांशही बाळगला जाऊ नये, हे गुन्ह्याच्या गांभीर्यातील फरकाने समर्थनीय ठरत नाही. किरकोळ प्रकरणे कबुलीवर निकाली काढण्याच्या विशेष मोहिमांमध्ये तर वेग हाच गुण मानला जातो.

आव्हानाचे मार्ग

मग कबुली सदोष असलेल्या आरोपीने काय करावे? पहिला मार्ग अपिलाचाच. कबुली ही कायद्याच्या अर्थाने कबुली नव्हती, म्हणून कलम ४१६ चा अडसर उद्भवत नाही, असा युक्तिवाद करून सत्र न्यायालयात जाणे. मुदत तीस दिवसांची. महंत कौशल्या दास हा त्याचा मुख्य आधार. ‘शिक्षेची वैधता’ या शब्दांतच दोषसिद्धीची वैधता ओढूनताणून आणण्याचा प्रयत्नही होतो, पण तो टिकाऊ नाही. दुसरा मार्ग पुनरीक्षणाचा, नव्या संहितेच्या कलम ४३८ व ४४२ खाली. जेथे अपील करता येते तेथे ते न करणाऱ्याचे पुनरीक्षण चालत नाही, असा नियम आहे. येथे अपीलच नाकारलेले असल्याने तो नियम आड येत नाही. सत्र न्यायाधीशालाही हा अधिकार आहे, त्यामुळे वर्ध्याच्या आरोपीला त्यासाठी नागपूर खंडपीठापर्यंतची पाऊणशे किलोमीटरची वाट धरण्याची गरज नाही. उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार आणि अनुच्छेद २२७ हे शेवटचे उपाय होत.

मार्ग आहेत, अडचण पुराव्याची आहे. आव्हान द्यावयाचे ते अभिलेखाला, आणि आव्हानाचा पुरावाही अभिलेखातच असावयाचा. ‘मला असे म्हणायचे नव्हते’ हे सिद्ध करण्यासाठी आरोपी काय म्हणाला हे लिहिलेले हवे. ते लिहिलेले नसते म्हणून तर वाद. अशा वेळी न्यायालयाने न्यायिक कार्यवाही नियमितपणे पार पडल्याचे गृहीत धरावे, की आरोपीचे शब्द नोंदण्याचा बंधनकारक आदेश पाळला नाही म्हणून गृहीतकच उलटवावे? कलम ५११ खाली किरकोळ अनियमिततेने निर्णय बाधित होत नाही, जोवर न्यायाची हानी झालेली नाही. प्रस्तुत विवेचनानुसार शब्द न नोंदणे ही किरकोळ अनियमितता मानणे चुकीचे आहे. कारण हानी झाली की नाही हे ठरविण्याचे साधनच त्यामुळे नष्ट होते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बॉयकिन (१९६९) प्रकरणात मौन अभिलेखावरून स्वेच्छा गृहीत धरण्यास नकार दिला, तो याच कारणाने.

इंग्लंडमध्ये फोर्ड (१९२३) निर्णयाने कबुलीनंतरच्या अपिलाला दोन कारणे मान्य केली. आरोपीला दोषारोपाचे स्वरूप कळले नव्हते किंवा गुन्हा मान्य करण्याचा त्याचा हेतू नव्हता, हे पहिले. मान्य केलेल्या वस्तुस्थितीवरून कायद्याने तो दोषी ठरूच शकत नव्हता, हे दुसरे. वर चर्चिलेल्या दारूबंदीच्या उदाहरणात ही दोन्ही कारणे एकाच वाक्यात भेटतात. अलीकडे तेथील टपाल खात्याच्या ‘होरायझन’ संगणकप्रणालीने चुकीची तूट दाखविल्यामुळे शेकडो उपडाकपालांवर अफरातफरीचे खटले झाले. त्यांपैकी अनेकांनी गुन्हा कबूल केला होता. न घेतलेल्या पैशांची कबुली सुशिक्षित, प्रतिष्ठित माणसांनी दिली, कारण यंत्राविरुद्ध आपले कोण ऐकणार, असे त्यांना वाटले. २३ एप्रिल २०२१ रोजी अपील न्यायालयाने एकोणचाळीस जणांची दोषसिद्धी रद्द केली. कबुली आड आली नाही. भारतात तसाच प्रसंग उद्भवला तर कलम ४१६ मुळे पहिल्याच पायरीवर अडथळा येईल, आणि पुनरीक्षणात अभिलेखाबाहेरची सामग्री आणणे सोपे नसते.

विधी साहाय्याचा प्रश्न यातून वगळता येत नाही. सुक दास (१९८६) प्रकरणात, आरोपीने मागणी केली नाही म्हणून त्याला मोफत वकील न देता चालविलेला खटला सर्वोच्च न्यायालयाने रद्दबातल ठरविला. होस्कॉट विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९७८) मध्ये निकालाची प्रत आणि अपिलासाठी वकील हे कैद्याचे अधिकार मानले गेले. हीच तत्त्वे कबुलीला लावली, तर वकिलाचा अधिकार न सांगता कारावासास पात्र गुन्ह्यात घेतलेली कबुली मुळातच सदोष ठरावी. वर्धा जिल्ह्यात आठ तालुके आहेत. प्रत्येक न्यायदंडाधिकाऱ्याच्या न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाने कबुलीपूर्वी आरोपीशी पाच मिनिटे बोलावे, आणि ते बोलणे झाल्याची नोंद रोजनाम्यात यावी, यासाठी संसदेच्या दुरुस्तीची वाट पाहावी लागत नाही. उच्च न्यायालयाच्या एका परिपत्रकाने ते होऊ शकते. त्याच परिपत्रकात कबुलीच्या छापील नमुन्यातील ‘होय/नाही’ हा रकाना काढून तेथे चार कोऱ्या ओळी ठेवाव्यात. आरोपी काय म्हणाला ते त्या ओळींत, त्याच्या बोलीत लिहिले जाईल, आणि सत्र न्यायाधीशापुढे अपील आले तर त्यांना निदान तेवढे तरी वाचता येईल.